एका ओळीतले आण्णा

आण्णांसमोर ‘ते’ म्हणायची सोय नव्हती. ‘काल’ म्हणायची तर अजिबातच नव्हती. “आण्णा, काल ते आलंतं न्हवं, त्याचं काय झालं?” असं कुणी विचारलं की आण्णा चष्मा कपाळावर चढवायचे, विचारणाऱ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचे आणि म्हणायचे, “काल रोज बदलतंय. आनि ‘ते’ म्हंजे जगातलं काय बी. आता नीट सांग, काय शोधू?” मग तो बिचारा घाम पुसून पुन्हा सुरुवात करायचा. बुधवारी, दुसऱ्या पाळीत, दोन नंबरच्या भट्टीतून, पंपाच्या बॉडीचं जे ओतकाम झालं... “आता कसं!” म्हणून आण्णा चष्मा खाली घ्यायचे आणि दोन बोटं कीबोर्डवर टेकवायचे.

शिरोलीच्या बाजूला एका फाउंड्रीत मी डिप्लोमा करून लॅबमध्ये लागले, तेव्हा आण्णा तिथे पंचवीसेक वर्षांचे जुने झाले होते. त्यांच्या टेबलावर ‘क्वालिटी’ अशी पाटी होती. काम एवढंच, की ओतलेल्या मालात खोट निघाली तर ती का निघाली ते शोधून काढायचं. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की गाव, खातं, पाळी, सगळंच लिहावं लागेल, अर्धवट लिहिलेलं त्यांना खपायचं नाही.

लॅबच्या कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर होता. त्याचा माउस आण्णांनी काढून स्टोअरमध्ये जमा केला होता आणि रीतसर पावती घेतली होती. “हात उचलायचा, उंदीर धरायचा, हात परत आणायचा. तेवढ्यात मानूस काय लिव्हनार हुता त्येच इसरतंय,” असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर काळ्या रानात हिरवी अक्षरं, बाकी काही नाही. रंग नाहीत, चौकटी नाहीत, फोटो नाहीत. लॅबमधलं मशीन बसवायला कधीकाळी एक इंजिनिअर आला होता, त्याने तीन दिवसांच्या मुक्कामात चहा पिता पिता आण्णांना हा एडिटर शिकवला. तो गेला तो पुन्हा काही फिरकला नाही. आण्णांनी मात्र ती विद्या देवघरातल्या समईसारखी सांभाळली.

त्यात एकच फाईल होती. तिला ते ‘वही’ म्हणत. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, तीही सगळी लहान लिपीत. नियम एक: एक गोष्ट एका ओळीत. ओळ कितीही लांब झाली तरी चालेल, पण दुसरी ओळ करायची नाही. कारण शोधायला तिरकी रेघ मारून शब्द टाकला की एडिटर त्या ओळीवर नेऊन उभं करतो. ती ओळ एकटी वाचून सगळं कळलं पाहिजे. “आजूबाजूला बघाय लावंल ती ओळ कसली,” असं ते म्हणत.

पुढे पुढे आण्णा बोलायलाही तसेच लागले होते. लग्नात भेटले तर बायकोची ओळख करून देताना म्हणायचे, “ही माझी मंडळी, माहेर मलकापूर, लग्न अमक्या साली, दोन मुलं, गुडघा डावा दुखतो.” काकू शेजारी उभ्या राहून कपाळावर हात मारायच्या. काकूंची तक्रार वेगळीच होती. त्या मला म्हणाल्या होत्या, “आमच्या घरात भांडायची सोयच न्हाई बघ. एकदा म्हटलं, मला कधी पन्हाळ्याला तरी नेलंय का? तर दुसऱ्या दिवशी कारखान्यातनं चिठ्ठीवर उतरून आणलं. सात वेळा नेलंय म्हणे. तिसऱ्या वेळी पाऊस, कणसं दोन, छत्री विसरली कोण तर मी!” हे सांगताना काकू चिडल्या होत्या की खूश होत्या, ते मला नीट कळलं नाही.

मला आवडायची ती त्यांची ओळीच्या शेवटी चार शब्द टाकायची सवय. तिथे वाक्य संपलेलं असायचं, तरी पुढे सुटे सुटे शब्द असायचे. एका ओळीच्या शेवटी ‘भोक, सुई, गळती, बोंब’ असं काहीतरी होतं. मी विचारलं, हे कशाला? आण्णा म्हणाले, “पोरी, मी लिव्हतो तवा शांत असतो. शोधनारा शांत नसतोय. मालकाचा फोन आलेला असतोय, डोकं फिरलेलं असतंय. त्या वक्ताला त्याला ‘पोरोसिटी’ आठवत न्हाई, ‘भोक’ आठवतंय. मग भोक बी लिव्हायचं. बोंब बी लिव्हायची.” उद्या रागावून येणाऱ्या माणसासाठी आज शब्द मांडून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या वहीत गेले आणि मला बाहेर पडता येईना. काही दाबलं की भलतंच काही व्हायचं. आण्णा जेवायला गेले होते. शेवटी मी कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने जागेवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी वही उघडताच एडिटरनेच चुगली केली असावी, आण्णांनी मला बोलावून ओळ दाखवली. तारीख, वार, वेळ, आणि मग: ‘लॅबमध्ये नवीन लागलेल्या मॅडम यांना एडिटरमधून बाहेर पडता न आल्याने त्यांनी कॉम्प्युटरचे बटण बंद केले व कोणास सांगितले नाही.’ शेवटी सुटे शब्द: ‘बटण, घाई, भित्री’.

मी हिरमुसून म्हटलं, “आण्णा, भित्री तरी काढा.”

“खोडायचं न्हाई,” ते म्हणाले. “चुकलं असंल तर खाली दुसरी ओळ लिव्हायची. वरची तशीच ऱ्हानार.”

पुढे सहा महिन्यांनी ‘भित्री’ शोधलं तर खाली एक नवी ओळ निघाली: ‘लॅबमधील मॅडम भित्र्या नाहीत असे आढळून आले.’ मी भट्टीवाल्या दांडग्या माणसाशी नमुन्यावरून भांडले होते, त्या दिवशीची तारीख होती. मला एवढा आनंद प्रमोशनच्या पत्राने पण झाला नसता.

बैठकीत बाकीचे जाड रजिस्टरं घेऊन यायचे. कुणाच्या लॅपटॉपवर रंगीबेरंगी तक्ते असायचे. एकदा मालाला चुना फासल्यासारखे पांढरे डाग पडायला लागले आणि तासभर कुणालाच काही सुचेना. आण्णा उठून लॅबमध्ये गेले, ‘डाग’ टाकलं, मग ‘पांढरा’ टाकलं, आणि दारातूनच म्हणाले, चार वर्षांमागे वाळूवाल्याने खाण बदलली होती तेव्हा हेच झालं होतं, आत्ता विचारा त्याला. फोन लावला. वाळूवाल्याने खाण बदलली होती. आण्णा मिशीतल्या मिशीत हसले आणि चहा मागवला.

ते नेहमी म्हणायचे, “लिव्हलं न्हाई म्हंजे झालं न्हाई.” आम्हाला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं, आणि त्यांच्या माघारी आम्ही त्यांची नक्कलही करायचो. त्यांच्या दृष्टीने मात्र तो अगदी साधा हिशोब होता. आपण एकूण एक गोष्ट लिहितो, खोडत कधीच नाही, मग जे वहीत नाही ते घडलंच नाही. स्वतःच्या डोक्यापेक्षा त्यांचा त्या वहीवर जास्त भरवसा होता.

आता मी केलेल्या गोष्टीकडे येते.

कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा घट्ट गाभा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. त्याला लेप लावून भट्टीत वाळवावा लागतो. ओल राहिली तर तापलेल्या लोखंडात वाफ होते आणि मालाला आतून बारीक भोकं पडतात, जी वरून दिसत नाहीत. आमच्याकडे कोअर बनवायच्या खात्यात सगळ्या बायका होत्या आणि त्यांची मुख्य होती हौसाक्का. आवाज असा की पंखे चालू असतानाही गेटपर्यंत ऐकू जावा. आण्णांना ती नेहमी म्हणायची, “आण्णा, तुमच्या त्या काळ्या फळ्यावर माझं नाव लिव्हू नगासा, नजर लागती.”

त्या पावसाळ्यात एका दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत वीज गेली. कोअरची भट्टी बंद पडली, गेटवर गिऱ्हाइकाची गाडी उभी आणि धाकट्या मालकांचे एकामागून एक तीन फोन. वीज आली तेव्हा वेळच उरला नव्हता. हौसाक्का नको म्हणत होती. आण्णांनी कोअरला हात लावून बघितला आणि म्हणाले, वापर. मी तिथे नव्हते, हे सगळं मला नंतर कळलं.

दीड महिन्यानंतर तो सगळा लॉट परत आला. पाण्याच्या दाबाखाली पंपाची एकेक बॉडी गळत होती. धाकटे मालक भडकले. सोमवारी अकराला लॅबमध्ये बैठक आहे, ज्याची चूक असेल तो घरी जाईल, असा निरोप आला. आण्णा दिवाळीला रिटायर होणार होते, आणि त्यानंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचं मालकांनी कबूल केलं होतं. त्या दोन वर्षांवर आण्णांचा फार जीव होता. घरी बसून काय करू, तुमची काकू मला भाजी निवडायला लावंल, असं ते हसत म्हणायचे, पण डोळ्यांत धास्ती असायची.

शनिवारी दुपारी आण्णा काकूंना घेऊन नृसिंहवाडीला गेले होते. मी त्यांच्या जागेवर बसून तिरकी रेघ मारली आणि त्या लॉटचा नंबर टाकला. ओळ सापडली. ‘वीज नसल्याने कोअर भट्टी बंद होती, वीज आल्यावर कोअर न वाळवता वापरण्यास मी सांगितले, हौसाक्का नको म्हणत होती, तिचे ऐकले नाही, माल गळाला तर कारण मी.’ आणि शेवटी सुटे शब्द: ‘ओल, भोक, गळती, माझी चूक’. मालकांच्या तीन फोनांचा त्यात एका अक्षराने उल्लेख नव्हता. मला त्या तीन फोनांचा राग आला. पंचवीस वर्षं हा माणूस इतरांच्या चुका शोधून कारखाना वाचवतोय, आणि एका ओळीपायी याला दारातून बाहेर काढणार! मी दोनदा डी दाबलं. ओळ गेली. फाईल सेव्ह केली आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवले. आपण काहीतरी फार चांगलं केलं, असं मला मनापासून वाटत होतं.

सोमवारी धाकटे मालक, आण्णा, हौसाक्का आणि मी, एवढेच लॅबमध्ये होतो. मालक म्हणाले, “आण्णा, काय झालं होतं त्या दिवशी?”

“सांगतो की,” आण्णा म्हणाले, आणि त्यांनी चष्मा लावला. ते सांगणारच होते. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं, त्यांना फक्त ओळ वाचून दाखवायची होती. लॉटचा नंबर टाकला. खाली, असं काही सापडत नाही, अशी इंग्रजी ओळ उमटली. आण्णांनी ‘ओल’ टाकलं. ‘गळती’ टाकलं. ‘वीज’, ‘भट्टी’, ‘हौसा’. दर वेळी जुन्या, भलत्याच ओळी यायच्या. त्यांची बोटं कीबोर्डवर अशी अडखळलेली मी कधी पाहिली नव्हती.

हौसाक्का म्हणाली, “आण्णा, तुमीच म्हणालासा न्हवं, वापर म्हणून?”

“मला बी तसंच वाटतंय गं हौसाक्का,” आण्णा पडद्याकडे बघतच म्हणाले. “पण लिव्हलेलं न्हाई.”

“मग मी काय खोटं बोलतोय व्हय?” हौसाक्काचा आवाज चढला.

मालक उठले. “म्हणजे हिने मनानं वापरले. हौसाबाई, उद्यापासून येऊ नका.”

“मालक, थांबा,” आण्णा घाईने म्हणाले. “दोन दिवस द्या मला. मी बघतो.” मालकांनी दोन दिवस दिले. मी त्या खोलीत होते आणि मी तोंड उघडलं नाही. भ्यायले होते, एवढंच.

ते दोन दिवस आण्णांनी वही पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. शोधायचं सोडून, एकेक ओळ खाली उतरत. डबा तसाच राहायचा. मधेच उठून भट्टीवाल्यांना विचारून यायचे, त्या दिवशी मी कामावर होतो का, कोअरच्या खात्यात मला कुणी बघितलं का. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बुधवारी दुपारी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पोरी, काल ते... ते काय ते... मी लिव्हलं हुतं का गं ते?”

आण्णांच्या तोंडून ‘ते’ मी पहिल्यांदाच ऐकत होते. डोकं काम देईना झालंय का आपलं, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होती. मी कप खाली ठेवला आणि एका दमात सांगितलं, “शनिवारी दुपारी, तुम्ही वाडीला गेला होता तेव्हा, हौसाक्काला कोअर वापरायला सांगितल्याची तुमची ओळ मी वहीतून काढून टाकली.”

आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, “म्हंजे मी लिव्हलं हुतं?”

“व्हय आण्णा.”

“लिव्हलं हुतं!” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्यांना हसू येत होतं आणि डोळे भरले होते. “काय लिव्हलं हुतं, सांग.”

ती ओळ मला तोंडपाठ होती. मी सांगत गेले आणि त्यांनी दोन बोटांनी ती पुन्हा लिहिली, शेवटच्या ‘माझी चूक’पर्यंत. त्याखाली दुसरी ओळ घातली, माझ्या पूर्ण नावानिशी. मी काय केलं, कधी केलं, आणि स्वतः येऊन सांगितलं, हेही. मग उठले, टोपी घातली आणि मालकांच्या केबिनकडे चालू लागले. मीही मागोमाग गेले.

हौसाक्काची नोकरी राहिली. मला ताकीद मिळाली. आण्णांची ती दोन वर्षं रद्द झाली, दिवाळीला ते जाणार हे ठरलं. दुसऱ्या दिवशी मी कोअरच्या खात्यात गेले. हौसाक्का लेप ढवळत होती. मी म्हटलं, “हौसाक्का, माफ करा. मी आण्णांसाठी केलं.”

तिने हात थांबवला नाही. “आण्णांसाठी केलंस, दिसतंय की. त्या वळीत माझं नाव हुतं म्हणं. वाचलंस न्हवं?”

“वाचलं होतं.”

“मग?” ती म्हणाली, आणि लेपाची बादली उचलून पुढे गेली.

दिवाळीपर्यंत आण्णा माझ्याशी आधीसारखेच वागले. चहा मागवायचे, मला चिडवायचे, नवीन ओळी लिहायचे. फक्त एक बदल झाला होता. कुणी काही विचारायला आलं की ते कीबोर्डला हात लावेनात. टोपी घालून सरळ त्या त्या खात्यात जायचे आणि माणसालाच विचारायचे. शेवटच्या आठवड्यात मी न राहवून म्हटलं, “आण्णा, वहीत शोधा की. ती ओळ आता परत आली आहे.”

आण्णांनी चष्मा काढून पुसला. आवाजात राग अजिबात नव्हता. “आलीया की. असलेल्या वळीचं काय न्हाई गं पोरी. ती कवाबी सापडंल. माझा भरवसा नसलेल्या वळीवर हुता. न्हाई म्हंजे न्हाई, असं छातीवर हात ठेवून सांगत हुतो मी मालकाला. आता कसं सांगू?”

मी तिथेच, नमुन्यांच्या टेबलाजवळ, सगळ्यांसमोर रडले. आण्णांनी मला रडू दिलं. मग खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि पलीकडच्या खात्यात कुणाला तरी काहीतरी विचारायला निघून गेले.